प्रतिक्रिया, प्रत्यभिज्ञा आणि समीक्षा : जालना जिल्ह्यातील वाचकाच्या संदर्भात

१

मराठी समीक्षेत ‘प्रतिक्रिया’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. एखाद्या लेखाला ‘ही केवळ वैयक्तिक प्रतिक्रिया आहे’ असे म्हटले, की त्यात निकष नाहीत, विश्लेषण नाही आणि मूल्यमापनाची शिस्तही नाही, असे त्यातून सुचविले जाते. पदव्युत्तर वर्गात आणि प्रबंधलेखनात तर वाचकाने स्वतःची प्रतिक्रिया प्रथम बाजूला ठेवावी आणि मगच कलाकृतीकडे वळावे, असा जणू अलिखित नियम आहे. परिणामी कादंबरी वाचून विद्यार्थ्याला काय वाटले, याचा पत्ता त्याच्या लेखनात लागत नाही; तेथे आढळतात ती आधीच्या समीक्षकांची मते. कादंबरी आणि चित्रकथा या दोन प्रकारांच्या आधारे हा नियम तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या नियमाला दोन परंपरांचा आधार मिळालेला आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली, त्यांत ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ अशा भावनेने विशिष्ट देशकालात गुंतून पडणे हे एक विघ्न आहे. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे आणखी एक. साधारणीकरणाने ही विघ्ने दूर झाल्याशिवाय प्रेक्षक सहृदय ठरत नाही. पाश्चात्त्य परंपरेत विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४९ मध्ये, कलाकृती आणि तिचा वाचकावर होणारा परिणाम यांची गल्लत करण्याला दोष ठरविले. त्यापूर्वी आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे न सांगता केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या आणि त्यांच्या लेखी अभिप्रायांचे विश्लेषण १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. साचेबंद प्रतिसाद, खासगी आठवणींची लुडबूड असे दोष त्यांनी नोंदविले. सामान्य वाचकाच्या प्रतिक्रियांना तेथे अभ्यासविषयाचे स्थान मिळाले खरे. परंतु त्या गोळा झाल्या त्या मुख्यतः रोगनिदानासाठी.

पुढे याउसने १९६७ मध्ये ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना मांडली, इझरने गर्भित वाचकाची, तर स्टॅन्ली फिशने १९८० मध्ये अर्थनिर्णय करणाऱ्या वाचकसमूहांची. त्यामुळे वाचक सिद्धान्तात आला. तथापि इझरचा वाचक ही संहितेतीलच एक रचना आहे आणि फिशचा वाचकसमूह व्यवहारात बव्हंशी विद्यापीठाच्या वर्गापुरता उरतो. हा वाचक घरी कोणती बोली बोलतो, कोणत्या विहिरीचे पाणी भरतो, पुस्तक विकत घेतो की ग्रंथालयातून आणतो, हे प्रश्न तेथे क्वचितच उपस्थित होतात. मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ने (१९९०) देशीयतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. मात्र त्या चर्चेत लेखकाच्या आणि कृतीच्या देशीयतेवर जेवढा भर पडला, तेवढा वाचकाच्या देशीयतेवर पडला नाही.

प्रतिक्रियेत वाचकाचे व्यक्तित्व जितके असते, तितकेच त्याचे वाचनस्थानही असते. प्रतिक्रिया दडपल्याने ते स्थान नाहीसे होत नाही, फक्त तपासणीबाहेर राहते. यास्तव समीक्षेचे काम प्रतिक्रिया पुसून टाकण्याचे नसून तिला तिची कारणे विचारण्याचे आहे.

२

वाचनस्थान ही कल्पना अमूर्त राहू नये म्हणून येथे जालना जिल्ह्यातील वाचक समोर ठेवला आहे. हा वाचक कोणी एक व्यक्ती नव्हे. त्या भूमीत, त्या भाषेत आणि त्या व्यवहारात वाढलेल्या माणसाला वाचनाच्या ज्या शक्यता उपलब्ध होतात, त्यांची ही मांडणी आहे.

औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळे मराठी ग्रंथालय चालविणे हे तेथे केवळ वाचनाचे काम नव्हते, तो अस्मितेचा प्रश्न होता. १९४३ मध्ये मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि त्याचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला. मुद्रित मराठी मात्र या वाचकाकडे प्रामुख्याने पुण्या-मुंबईकडून आली. उत्तरेकडील भोकरदन-जाफराबादची बोली शेजारच्या बुलढाण्याच्या वऱ्हाडीला जवळची, गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीची बोली वेगळी आणि जालना शहरात दखनी उर्दूचा वावर. म्हणजे पुस्तकाची प्रमाण मराठी ही या वाचकाची मिळविलेली भाषा आहे, घरात ऐकलेली नव्हे.

या भूमीचे दुसरे लक्षण बियाण्याचे. १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी जालन्यात सुरू झाली आणि पुढे हे शहर बियाण्यांच्या उद्योगासाठी ओळखले जाऊ लागले. तिसरे लक्षण पाण्याचे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथे पिढ्यांनी जपलेली आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या आपल्या हातांनी तोडल्या. भाषा, बियाणे आणि पाणी या तीन गोष्टी घेऊन हा वाचक पुस्तकाकडे येतो.

३

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बुलढाणा परिसरातील शेतकरी कुटुंब, शिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेला एकनाथ, त्याची पत्नी अलका आणि कर्जाच्या ओझ्याखाली दबत जाणारे घर असा तिचा विषय. नागर समीक्षेने अशा कादंबरीच्या बोलीविषयी बोलताना तिचा रांगडेपणा, तिची रसरशीत चव, तिची प्रादेशिक खूण यांचा उल्लेख करणे ही रूढ रीत आहे. या वर्णनात एक वाचनस्थान दडलेले आहे. बोली ज्याला परकी, त्यालाच ती चवदार लागते. जाफराबादच्या वाचकाला ती बोली म्हणून जाणवतच नाही. तो थेट माणसांच्या बोलण्याकडे आणि त्यातल्या हिशेबाकडे जातो. भाषेचे अपरिचितीकरण हा जर वाङ्मयीनतेचा निकष मानला, तर एकाच वाक्यात तो पुण्याच्या वाचकासाठी सिद्ध होतो आणि जाफराबादच्या वाचकासाठी होत नाही. उलट त्याच वाचकाला फडके-खांडेकरांच्या कादंबरीतील संवाद अपरिचित वाटण्याची शक्यता अधिक. निकष संहितेत आहे असे वाटत असताना तो वाचकाच्या घरात असतो, हे येथे ध्यानात येते.

रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ने (१९७१) हा प्रश्न आधीच उभा केला होता. गावातील शिंप्याच्या घराची वाताहत तेथे त्याची बायको स्वतःच्या बोलीत सांगते. निवेदन आणि संवाद यांच्यातील प्रमाणभाषेची भिंत या कादंबरीने पाडली. मराठवाड्यातील वाचकाला तिच्यात घरातल्या बाईचा आवाज छापील पानावर प्रथमच अखंड ऐकू आला असेल, तर त्याची ती प्रतिक्रिया कादंबरीच्या रचनेविषयीच काही सांगते. ‘आमच्या आजीसारखी बोलते’ हा उद्गार भाबडा वाटतो. पण निवेदकाची निवड कादंबरीत काय घडविते, याचे ते अचूक निरीक्षणही आहे.

येथपर्यंत स्थानिक वाचकाची बाजू बळकट दिसते. परंतु प्रत्यभिज्ञेला, म्हणजे ‘हे आमचेच आहे’ अशी ओळख पटण्याला, तिचा स्वतःचा आंधळेपणा असतो. ‘बारोमास’ वाचताना कापसाचे भाव, खताची उधारी, नोकरीसाठी मागितली जाणारी रक्कम हे तपशील बियाण्यांच्या बाजारपेठेत वाढलेला वाचक लेखापरीक्षकासारखा तपासतो आणि ‘बरोबर लिहिले आहे’ असा शेरा देतो. हा शेरा मोलाचा आहे, कारण कृषिजीवनाचे खोटे चित्र तो तात्काळ पकडतो. तथापि त्याच क्षणी कादंबरीचे रूपांतर दस्तऐवजात होते. मग ज्या गोष्टी ओळखीच्या असल्यामुळेच दिसत नाहीत, त्या वाचनातून निसटतात. अलकाचे उदाहरण घ्यावे. नोकरीच्या आशेवर झालेल्या लग्नात तिची फसगत झाली आहे आणि तिच्या नाराजीला कारण आहे. ‘शहरी वळणाची, शेतकऱ्याच्या घरात न रुळलेली सून’ ही गावातली तयार ओळख वाचक तिच्यावर लावतो आणि पुढे जातो. एकनाथाच्या दुःखाशी झालेले तादात्म्य अलकाचे दुःख झाकते. रिचर्ड्स यांनी ज्याला साचेबंद प्रतिसाद म्हटले, तो येथे अज्ञानातून उद्भवत नाही, अतिपरिचयातून उद्भवतो.

‘कोसला’च्या (१९६३) बाबतीत हेच अधिक सूक्ष्म रीतीने घडते. खेड्यातून पुण्यास शिकायला गेलेला, तेथे अपयशी ठरून परत आलेला पांडुरंग सांगवीकर अनेक पिढ्यांच्या तरुण वाचकांना स्वतःसारखा वाटला. मंठा-परतूरहून औरंगाबादेत किंवा पुण्यात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो तसा वाटावा, यात नवल नाही. परंतु पांडुरंगाचे अपयश त्याच्या वडिलांच्या सुस्थितीवर उभे आहे. तो नापास होऊ शकतो, पैसे उधळू शकतो आणि शेवटी परतण्यासाठी त्याला घर व शेती आहे. भूमिहीन घरातून आलेल्या, घरात प्रथमच महाविद्यालयात पोहोचलेल्या विद्यार्थ्याला असे अपयश परवडणारे नसते. ‘पांडुरंग म्हणजे मीच’ असे म्हणताना त्याला स्वतःची आर्थिक स्थिती विसरावी लागते. ही विस्मृती घडविण्यात ‘कोसला’च्या निवेदनशैलीची ताकद आहे, तिची चिकित्सा मात्र त्या विस्मृतीची जाणीव झाल्यानंतरच सुरू होते. अभिनवगुप्ताची परिभाषा वापरायची, तर साधारणीकरण येथे सिद्ध झाले आहे. पण ते साधताना कोणत्या विशेषांचा त्याग झाला, हा प्रश्न रसचर्चेत उरत नाही. कादंबरी हा देशकालाचाच वाङ्मयप्रकार असल्याने तिच्या समीक्षेला हा प्रश्न टाळता येत नाही.

४

चित्रकथेकडे वळले, की प्रतिक्रियेचा प्रश्न आणखी उघडा पडतो. कादंबरीविषयी वाचक निदान बोलतो. चित्रकथेविषयी तो संकोचतो. पाठ्यपुस्तकात लपवून वाचलेले ते वाङ्मय, त्यामुळे त्याची आठवण आनंदाची आणि चोरीची अशी दुहेरी असते. प्रतिष्ठेचे कवच नसल्यामुळे येथे आधीच्या समीक्षकाचे मत उसने घेण्याचीही सोय नाही. या अर्थाने चित्रकथा ही प्रतिक्रियेची अधिक प्रामाणिक कसोटी आहे.

१९६४ ते १९९० या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने ली फॉकचा १९३६ मधील नायक फँटम भारतीय भाषांत आणला आणि मराठीत त्याचा ‘वेताळ’ झाला. या मालिकेत मूळ कथेतील बंगाल-सदृश देशनाम बदलून ‘डेंकाली’ करण्यात आले. भारतीय वाचकाला आपला भूगोल आठवू नये, अशी ही काळजी होती. परंतु भूगोल पुसणाऱ्या भाषांतराने नायकाला दिलेले नाव या भूमीत खोल रुजलेले होते. मराठी खेड्यात वेताळ हा गावाच्या वेशीवरचा, शेंदूर फासलेला देव आहे. शिवाय १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’मुळे विक्रमाच्या खांद्यावरचा, गोष्ट सांगून कोड्यात टाकणारा वेताळही मुलांच्या ओळखीचा झाला होता. त्या नावाने तिसरा एक मुखवटाधारी गोरा पुरुष समोर आला, तेव्हा मराठी मुलाने त्याला परका मानले नाही. पिढ्यान्पिढ्या जंगलातील जमातींचे रक्षण करणारा आणि त्यांच्यावर धाक ठेवणारा गोरा नायक या कल्पनेतील वसाहतवाद त्याला दिसला नाही, कारण वेशीवरच्या राखणदाराचे रूप त्याने आपल्याकडून त्यात भरले होते.

प्रौढपणी तोच वाचक ही मालिका पुन्हा पाहतो, तेव्हा त्याला तिच्यातील वर्णभेद खटकतो आणि बालपणीच्या आनंदाची लाज वाटते. यांपैकी कोणती प्रतिक्रिया खरी, हा प्रश्न चुकीचा आहे. बालवाचकाने नाव बदललेल्या संहितेला स्वतःचा अर्थ दिला, हे भाषांतराच्या इतिहासातले तथ्य आहे. प्रौढ वाचकाने त्या अर्थाखालची मूळ रचना ओळखली, हेही तथ्य आहे. दोहोंमधले अंतर हाच समीक्षेचा विषय. लाज वाटून पहिली प्रतिक्रिया पुसून टाकली, तर ते अंतर मोजण्याचे साधनच हातातून जाते.

‘चांदोबा’तील वेताळाची परंपरा तर या प्रदेशाला जवळची आहे. वेताळाच्या पंचवीस कथा सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागर’मध्ये येतात. हा ग्रंथ ज्या ‘बृहत्कथे’वर आधारलेला, तिचा कर्ता गुणाढ्य आख्यायिकेनुसार प्रतिष्ठानच्या, म्हणजे जालन्याच्या शेजारच्या पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री होता. पैशाची भाषेत, रक्ताने लिहिलेली ही कथा राजाने भाषेच्या हीनतेमुळे नाकारली. तेव्हा गुणाढ्याने एकेक पान मोठ्याने वाचून अग्नीत टाकावयास आरंभ केला आणि वनातील प्राणी चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. सात लक्षांपैकी सहा लक्ष श्लोक जळाले. प्राणी उपाशी राहिल्याने राजाच्या ताटातील मांस शुष्क झाले, तो आजारी पडला आणि चौकशीअंती उरलेल्या एका लक्षापर्यंत पोहोचला.

या आख्यायिकेत दोन वाचनस्थाने समोरासमोर आली आहेत. राजाची प्रतिक्रिया भाषेच्या प्रतिष्ठेवर आधारलेली आहे, ऐकणाऱ्यांची कथेवर. दरबार निकष सांगतो, वन प्रतिसाद देते. तरीही आख्यायिका वनाला अंतिम निर्णयाचा अधिकार देत नाही. कथा वाचते ती राजाने स्वतःच्या आजाराचे कारण शोधल्यामुळे. प्रतिक्रिया आणि कारणमीमांसा यांची जी साखळी समीक्षेला अभिप्रेत असते, ती येथे कथारूपात आढळते.

५

प्रत्यभिज्ञेची सर्वांत कठीण परीक्षा ‘भीमायन’ या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रग्रंथात होते. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी तो चित्रित केला. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मपर टिपणांचा त्याला आधार आहे. ‘अमर चित्र कथा’ने १९७९ मध्ये आंबेडकरांवर अंक काढला होता. त्या मालिकेच्या रीतीप्रमाणे तेथे चौकोनामागून चौकोन येतो आणि थोर पुरुषाचे चरित्र सरळ रेषेत पुढे सरकते. व्याम यांनी माणसांना चौकटीत कोंडण्यास नकार दिला. घराच्या भिंतीवर आणि अंगणात काढल्या जाणाऱ्या दिगना या आकृतिबंधाने त्यांनी पान विभागले. सौम्य बोलण्याला पक्ष्याचा आकार, तर विखारी बोलण्याला विंचवाच्या नांगीचा आकार दिला.

चौकटीच्या चित्रकथेवर वाढलेल्या वाचकाची पहिली प्रतिक्रिया ‘नजर कोठून कोठे न्यावी ते कळत नाही’ अशी होण्याचा संभव आहे. ही तक्रार ग्रंथाचा दोष म्हणून नोंदविता येईल. परंतु तिला कारण विचारले, तर उत्तर वेगळे मिळते. चौकट ही स्वाभाविक गोष्ट नसून शिकलेली सवय आहे आणि त्या सवयीने थोर पुरुष एकटा, समाजापासून सुटा पाहण्याचेही शिकविले आहे. दिगनाच्या पानावर माणूस, झाड आणि पशू एकमेकांना लागून असतात. त्यामुळे अन्यायही एका खलपुरुषाचा राहत नाही.

दुसरी प्रतिक्रिया पाण्याविषयीची. शाळेत तहानलेल्या भीमाला नळाला हात लावता येत नाही. शिपाई नसेल तर पाणीही नाही. २०१२-१३ मध्ये टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या वाचकाला तहान ओळखता येते आणि ‘आम्हीही हे भोगले आहे’ असा उद्गार सहज निघतो. सहानुभूतीचा हा मार्ग सोपा आहे, म्हणूनच संशयास्पद. दुष्काळात पाणी नसते. शाळेत पाणी होते, स्पर्शाचा अधिकार नव्हता. एक अभाव निसर्गाचा आणि नियोजनाचा, दुसरा नकार समाजाचा. दोन्ही तहानांना एकच नाव दिले, की ग्रंथाचा मुख्य आरोप विरघळून जातो. शिवाय टँकरच्या रांगेतही कोण आधी आणि कोण नंतर, कोणत्या वस्तीत टँकर पोहोचतो आणि कोणत्या नाही, हे प्रश्न असतात. सरसकट ‘आम्ही’ म्हटल्याने तेही झाकले जातात.

आंबेडकरांच्या याच टिपणांत १९३४ चा दौलताबादचा प्रसंग आहे. किल्ल्याच्या प्रवेशद्वाराजवळील हौदावर प्रवासाने धुळीने माखलेल्या मंडळींनी हातपाय धुतले आणि हौद बाटविला म्हणून त्यांच्यावर जमाव चालून आला. तेथील विरोधक मुसलमान होते, आणि अस्पृश्यता ही एकाच धर्मापुरती राहत नाही, हे आंबेडकरांनी त्यातून दाखविले. दौलताबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, जालनाही होते. जिल्ह्यातील वाचकाला किल्ला शालेय सहलीमुळे ठाऊक असतो. ‘बारोमास’ वाचताना ज्या ओळखीने त्याला आधार दिला, तीच ओळख येथे त्याच्यावर उलटते. तेथे ‘हे आमचे आहे’ असे म्हणता आले; येथे ‘हे करणारे आम्हीच होतो काय’ असा प्रश्न पुढे येतो. आणि ज्याच्या पूर्वजांना हौदावरून हाकलले गेले, त्या वाचकाची प्रतिक्रिया या दोहोंहून वेगळी असते. त्याला नवे काही कळत नाही, त्याला साक्ष मिळते. एकच जिल्हा, एकच किल्ला, तरी वाचनस्थाने तीन. ‘स्थानिक वाचक’ ही संज्ञा एकवचनी वापरता येत नाही, हे ‘भीमायन’ जितक्या स्पष्टपणे दाखविते, तितके क्वचितच एखादी कादंबरी दाखविते.

६

या विवेचनातून प्रतिक्रियेच्या दोन टोकांच्या भूमिका बाद ठरतात. प्रतिक्रिया वगळून समीक्षा करता येते ही एक. अस्सल मातीतला वाचक जे म्हणेल तेच प्रमाण ही दुसरी. पहिली भूमिका दरबाराचे वाचनस्थान सार्वत्रिक म्हणून खपविते. दुसरी अलकाला विसरते आणि हौदावरच्या तहानेला टँकरच्या तहानेत मिसळून टाकते.

मराठी समीक्षेला या मधल्या वाटेची ओळख नाही असे नव्हे. नांदेडसारख्या ठिकाणी राहून नरहर कुरुंदकर यांनी ‘धार आणि काठ’मध्ये (१९७१) मराठी कादंबरीचा जो आढावा घेतला, त्यात स्वतःची आवडनिवड लपविण्याचा प्रयत्न नाही, मात्र प्रत्येक आवडीमागे युक्तिवाद उभा केलेला आहे. ती पद्धत अध्यापनात उतरवायची, तर आरंभ साध्या गोष्टीपासून करता येईल. कृतीविषयीचे आधीचे समीक्षालेखन वाचण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपली प्रतिक्रिया लिहून ठेवावी, अभ्यासानंतर ती पुन्हा उघडावी आणि तिच्यातील कोणते वाक्य भाषेने लिहविले, कोणते जातीने, कोणते शेतीने आणि कोणते केवळ सवयीने, याची छाननी करावी. जी वाक्ये या छाननीत टिकतील, ती समीक्षेत यावीत. जी टिकणार नाहीत, तीही खोडली जाऊ नयेत. वाचक कोठून निघाला होता, हे पुढे त्यालाच विचारावे लागणार आहे.